उभ्या विमानाचे इंजिन गंजू नये म्हणून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरजवळ पत्र्याच्या हँगरमध्ये आपले चार आसनी विमान उभे आहे, त्याला लायकमिंगचे ओ-३२० हे चार सिलिंडरचे इंजिन आहे, आणि जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपण मुलीकडे परदेशी असल्यामुळे ते आठ महिने उडणार नाही. ओळखीच्या एका मेकॅनिकने सांगितले की दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करून बंद केले की पुरे. दुसऱ्याने सांगितले की चालू करण्याची गरज नाही, आठवड्यातून एकदा प्रोपेलर हाताने फिरवला तरी चालेल. तिसऱ्याचे म्हणणे असे की मराठवाड्याची हवाच कोरडी, इथे इंजिनाला गंज लागत नाही, तो लागतो कोकणात. यांपैकी कोणाचे ऐकावे, हे आपण विचारले आहे.

कृपया तिघांपैकी कोणाचेही ऐकू नका. आपले विमान आठ महिने उडणारच नसेल तर त्याचे इंजिन रीतसर इनहिबिट करून, म्हणजे आतून संरक्षक तेलाचा लेप देऊन आणि सगळी तोंडे बंद करून ठेवणे हा एकच मार्ग आहे, आणि ते काम मृगाच्या आधी झाले पाहिजे. मी गेली सव्वीस वर्षे लहान विमानांच्या इंजिनांची देखभाल करतो, त्यातील बहुतेक वर्षे मराठवाड्यात गेली आहेत, आणि गंजाने खाल्लेली जी इंजिने मी उघडली त्यांपैकी बहुतेकांच्या मालकांना असेच कोणीतरी आपुलकीने चुकीचे सांगितले होते.

त्यातले एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते अगदी आपल्या प्रश्नासारखे आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडच्या एका प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने जागेवर थांबली. दोन्हींची इंजिने एकाच जातीची आणि जवळपास सारख्याच तासांची होती. एका विमानाची कागदपत्रे तशीही संपत आली होती म्हणून आम्ही मे महिन्यात त्याचे इंजिन इनहिबिट करून टाकले. दुसरे विमान ‘केव्हाही लागेल’ म्हणून तसेच ठेवले गेले आणि एक कर्मचारी दर आठवड्याला ते न चुकता दहा-पंधरा मिनिटे चालवत असे. त्याच्या प्रामाणिकपणात काही कमी नव्हते. भर पावसातही तो येऊन इंजिन चालवून जात असे. दिवाळीनंतर दोन्ही विमाने पुन्हा उडू लागली. नियमित चालवलेल्या इंजिनाच्या तेलाचे फिल्टर पुढच्या तपासणीत कापले, तेव्हा कागदाच्या घड्यांमध्ये चमकणारे बारीक पापुद्रे निघाले आणि ते चुंबकाला चिकटले. सिलिंडर काढून आत पाहिले तर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, दोन उंचवट्यांची टोके खरवडल्यासारखी झाली होती. इंजिन उघडल्यावर त्यांच्यासमोरच्या टॅपेटचे, म्हणजे ते उंचवटे ज्याला ढकलतात त्या भागाचे, तोंड मी हातात घेऊन पाहिले. आरशासारखे गुळगुळीत असायला हवे अशा त्या पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि त्यांवरून अंगठ्याचे नख फिरवले तर ते प्रत्येक खड्ड्यात अडकत होते. त्या इंजिनाला नवा कॅमशाफ्ट आणि सगळे टॅपेट घालावे लागले, आणि त्यासाठी क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाचे, दोन भाग वेगळे करावे लागले, ज्याचा खर्च काही लाखांत जातो. ज्या इंजिनाला सहा महिने कोणी हात लावला नव्हता ते मात्र आजही उडते आहे.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कृती मनापासून होत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. हे पाणी किती असते याची कल्पना फार थोड्यांना असते: एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात असते आणि त्याचा मोठा भाग एक्झॉस्टमधून निघून जातो, पण थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये उतरतो. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवले तर अंदाजे दीड लिटर पेट्रोल जळते, म्हणजे तेवढेच पाणी तयार होते. उडताना तेल चांगले तापते, क्रँककेसमध्ये उतरलेली वाफ ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून बाहेर पडते आणि आतला भाग कोरडा राहतो. जमिनीवर तेल तेवढे तापतच नाही. गेजवर काटा हलला म्हणून आपल्याला समाधान वाटते, पण वाफ बाहेर न जाता क्रँककेसच्या गार भिंतींवर पाणी होऊन बसते आणि तेलात मिसळते. त्यात विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसे असते, ते शिसे जळणकक्षात साचू नये म्हणून ब्रोमीनचे संयुग घातलेले असते, आणि त्यांच्या ज्वलनातून निघणारे पदार्थ पाण्याबरोबर आम्ल तयार करतात. म्हणजे दर रविवारी इंजिन चालवणारा माणूस दर रविवारी त्यात थोडे आम्लाचे पाणी ओतत असतो. लायकमिंगने आपल्या सर्व्हिस लेटर एल-१८० मध्ये जमिनीवर चालवणे हा उड्डाणाला पर्याय नाही असे स्पष्ट सांगितले आहे. चालते इंजिन म्हणून गणले जाण्यासाठी त्यांची अपेक्षा अशी आहे की जास्तीत जास्त ३० दिवसांतून एकदा विमान सलग किमान एक तास उडावे, त्या काळात तेलाचे तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअस असावे, आणि टॅक्सी, टेकऑफ व उतरणे हा वेळ त्या तासात धरू नये. हवा दमट असेल तर ३० दिवसही जास्त आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात, विशेषतः परभणीच्या बाजूला पारा एक आकडी उतरतो तेव्हा, छोट्या फेरीत तेल एवढेही तापत नाही, हे उडत्या विमानांच्या मालकांनीही लक्षात ठेवावे.

लायकमिंगच्या या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे. त्याचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर, क्रँककेसच्या माथ्याशी बसवलेला आहे. इंजिन चालू असताना उडणाऱ्या तेलाने तो भिजतो, पण बंद झाल्यावर त्याच्यावरचे तेल निथळून खाली जाते आणि वाफ मात्र वर जाऊन नेमकी तिथेच जमते. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असतो, त्यामुळे त्याला तेलाचा सहवास जास्त मिळतो. तिथे गंजाची पहिली तक्रार बहुधा सिलिंडरच्या भिंतींवर दिसते. आपल्या इंजिनात दोन्ही जागा धोक्यात आहेत. सिलिंडर साध्या किंवा नायट्राइड केलेल्या पोलादाचे असतील तर त्यांवर गंजाचा लाल थर लवकर चढतो, नंतर तो रिंगांनी खरवडला जाऊन बारीक खड्डे राहतात आणि इंजिन तेल खाऊ लागते. कॅमशाफ्टचे दुखणे याहून वाईट, कारण त्याच्या कडक पृष्ठभागाला एकदा खड्डा पडला की प्रत्येक फेऱ्यात त्याच्या कडा तुटत जातात, आणि हे बाहेरून दिसत नाही.

प्रोपेलर हाताने फिरवण्याचा सल्ला याच कारणाने टाळावा. फिरवताना तेलाचा पंप एवढ्या कमी वेगात वरपर्यंत तेल पोहोचवत नाही. उलट टॅपेट आणि कॅम यांच्यामध्ये, तसेच रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये जो थोडासा लेप शिल्लक असतो तोही पुसला जातो. शिवाय प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या अर्थिंगची तार सुटलेली असेल तर हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊन प्रोपेलर माणसाचा हात किंवा जीव घेऊ शकतो, ते वेगळेच.

आता राहिला मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा मुद्दा. हा समज मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपली हवा खरोखर इतकी कोरडी असते की ओला रुमाल काही मिनिटांत वाळतो, आणि त्या हवेत पोलाद महिनोन्‌महिने स्वच्छ राहते. पण हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग एकदम वाढतो, आणि आषाढ-श्रावणात लातूर काय किंवा नांदेड काय, आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या बरीच वर असते. पाऊस कमी पडला म्हणजे हवा कोरडी राहिली असे नव्हे. झड लागलेल्या दिवसांत पाऊस चार थेंब पडतो आणि आभाळ आठवडाभर उघडत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

त्याहूनही कठीण काळ माझ्या मते परतीच्या पावसानंतरचा, आश्विन-कार्तिकाचा आहे. आभाळ निरभ्र होते, काळी जमीन पाण्याने भरलेली असते आणि दिवसभर वाफ सोडत राहते. रात्री पत्र्याचे हँगर झपाट्याने गार होते आणि त्याबरोबर शंभर किलोंहून जड असलेले इंजिनही गार होते. सकाळी ऊन आले की हवा लगेच तापते, इंजिन मात्र दहा-अकरा वाजेपर्यंत गारच राहते, आणि ती दमट, उबदार हवा त्या गार धातूला टेकली की त्यावर पाणी सुटते. फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवल्यावर बाहेरून जसा ओला होतो, तसेच हे होते, फक्त इथे तांब्या आतूनही ओला होतो, कारण ब्रीदर, एक्झॉस्ट आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून हवा रोज आत-बाहेर करते. आपल्या हँगरची जमीन मुरमाची असेल तर तिच्यावर जाड प्लास्टिक अंथरून वर फळ्या टाकाव्यात आणि भिंतीवर एक साधे आर्द्रतामापक टांगावे. त्याचा सकाळचा आकडा महिनाभर वहीत लिहिला की कोरड्या हवेचा समज आपोआप जाईल.

इनहिबिटिंगचे काम मेच्या शेवटी का करावे हे यावरून लक्षात येईल. ज्वारी चांगली वाळवल्याशिवाय कोणी कणगीत भरून तोंड लिंपत नाही, कारण आत ओल राहिली तर बंद कणगी उघड्या कणगीपेक्षा वाईट. इंजिनाचेही तसेच आहे. कोरड्या दुपारी बंद केलेल्या इंजिनात कोरडी हवा अडकते. जुलैच्या झडीत बंद केलेल्या इंजिनात ओल अडकते. आपण जूनच्या मध्याला निघणार असाल तर त्या आठवड्यासाठी हे काम ठेवू नका.

कामाचा क्रम सांगतो. हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्याकडूनच करून घ्यावे आणि आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत काही वेगळे लिहिले असेल तर माझ्या शब्दांपेक्षा तेच प्रमाण मानावे. मी सांगतो आहे ते आपल्याला समोर उभे राहून काम नीट होते आहे की नाही हे कळावे म्हणून.

प्रथम जुने तेल गरम असतानाच पूर्ण काढावे. जुन्या तेलात आम्ल आणि पाणी असते, आणि ते आठ महिने इंजिनात मुरत ठेवणे म्हणजे चिंचेचे पाणी पितळेच्या भांड्यात ठेवण्यासारखे आहे. फिल्टर बदलावे. नंतर संरक्षक तेल भरावे, जे एमआयएल-सी-६५२९ या मानकाच्या दुसऱ्या प्रकाराचे असते. एरोशेल २एफ हे असे तयार मिळणारे तेल आहे. तयार तेल मिळत नसेल तर एरोशेल २एक्सएन हे सांद्र द्रव्य एक भाग आणि साधे खनिज तेल तीन भाग असे मिश्रण करतात. नेहमीचे तेल नवे भरले तरी चालेल असे पुष्कळांना वाटते, पण नेहमीचे तेल निथळून जाते. संरक्षक तेलातील द्रव्ये धातूला धरून राहतात आणि आम्ल मारतात, हा त्यातील फरक आहे. हे तेल भरून विमान सुमारे तासभर उडवावे. केवळ जमिनीवर चालवून भागवू नये, कारण याच शेवटच्या उड्डाणात आतले पाणी उडून जाते आणि लेप सगळीकडे पोहोचतो.

विमान उतरल्यावर इंजिन गरम असतानाच पुढचे काम लगेच सुरू करावे. मॅग्नेटो बंद, मिश्रण बंद, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, चाकांना अडसर लावलेले, हे सगळे दोघांनी वेगवेगळे तपासावे. मग प्रत्येक सिलिंडरचा वरचा स्पार्क प्लग काढावा, पिस्टन खाली असताना त्या छिद्रातून गरम केलेले संरक्षक तेल साधारण ६० मिलिलिटर फवारावे, आणि फवाऱ्याची नळी हळूहळू फिरवत बाहेर आणावी म्हणजे वरची भिंतही सुटणार नाही. सगळे सिलिंडर झाल्यावर एकही पिस्टन अगदी वरच्या टोकाला राहणार नाही अशा जागी क्रँकशाफ्ट थांबवावा आणि पुन्हा एकदा तेवढेच तेल प्रत्येकात फवारावे. या दुसऱ्या फवाऱ्यानंतर प्रोपेलर एक बोटभरही हलवू नये. कारण सरळ आहे, रिंगा हलल्या की दिलेला लेप पुसला गेला. तेल फवारण्यासाठी कंप्रेसरची बंदूक वापरणार असाल तर तिच्या हवेच्या वाटेत पाणी अडवणारा सापळा आहे की नाही हे स्वतः पाहा. रंगकाम करणाऱ्याकडून आणलेल्या कंप्रेसरची टाकी मी एकदा सहज उघडून पाहिली, तर तिच्यातून पेलाभर गढूळ पाणी आले. तेच पाणी आम्ही सिलिंडरमध्ये फवारणार होतो. हवेशिवाय चालणारा हातपंपाचा फवारा यासाठी उत्तम.

वरच्या प्लगांच्या जागी डीहायड्रेटर प्लग बसवावेत. हे पारदर्शक प्लग असतात आणि त्यांत रंग बदलणारे सिलिका जेल भरलेले असते. कोरडे असताना ते निळे दिसते आणि ओल शोषली की गुलाबी होते. काही प्लगांत नारिंगी जेल असते, ते हिरवट होते. आतली हवा कशी आहे हे बाहेरून सांगणारी ही एकच खिडकी आपल्याजवळ आहे. त्यानंतर एक्झॉस्टच्या तोंडात, हवा आत घेण्याच्या वाटेत आणि ब्रीदरच्या नळीपाशी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून ती तोंडे प्लास्टिक आणि ओल न जाऊ देणाऱ्या चिकटपट्टीने बंद करावीत. इथे एक बारीक जागा हटकून राहते. ब्रीदरच्या नळीला टोकापासून थोडे वर एक लहान छिद्र किंवा चीर असते, नळीचे टोक बर्फाने किंवा कशाने तुंबले तरी क्रँककेसचा दाब बाहेर जावा म्हणून ती ठेवलेली असते. टोक बंद करणारे बहुतेक जण ती विसरतात आणि मग आठ महिने त्या चिरेतून दमट हवा आत जात राहते.

बंद केलेल्या प्रत्येक तोंडाला लांब लाल फीत बांधावी, फितींची संख्या मोजून लॉगबुकमध्ये आणि कॉकपिटमध्ये ठेवलेल्या कागदावर लिहावी, आणि प्रोपेलरवर ‘फिरवू नये’ अशी ठळक पाटी लावावी. आपल्याकडे हँगरमध्ये आलेला पाहुणा प्रोपेलरला हात लावून पाहतोच, म्हणून पाटी मराठीत असावी.

तोंडे बंद करण्याचा दुसरा फायदा आपल्या भागात फार मोठा आहे. पावसाळा संपता संपता कुंभारमाशी वेग मोजणाऱ्या पिटोट नळीत, इंधनटाकीच्या हवेच्या छिद्रात आणि एक्झॉस्टमध्ये मातीची घरटी करते, आणि ती माती वाळली की विटेसारखी कडक होते. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, मैना काड्या भरतात, उंदीर तारांची आवरणे कुरतडतात. जाळ्या आणि बोळे लावले तर हे सगळे टळते. मात्र संपूर्ण काउलिंग बाहेरून प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. इंजिनाची तोंडे बंद करणे आणि इंजिनाभोवती पिशवी बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीत अडकलेली ओल रात्री पाणी होऊन बाहेरच्या भागांवर, मॅग्नेटोवर आणि स्टार्टरवर बसते. वर सुती खोळ पुरते.

इंधनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टाक्या १००एलएलने भरून ठेवाव्यात म्हणजे रिकाम्या जागेत दव सुटायला वाव राहत नाही. एखादा मायक्रोलाइटचा, म्हणजे अगदी हलक्या विमानाचा, मालक हे वाचत असेल आणि पंपावरचे पेट्रोल वापरत असेल तर त्याने मात्र टाकी, नळ्या आणि कार्ब्युरेटरची वाटी पूर्ण रिकामी करावी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतील पाणी ओढून घेते आणि काही काळाने पाण्याचा थर तळाशी वेगळा बसतो. अशा विमानांतल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला निर्मात्याची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, तेव्हा त्या पेट्रोलचा प्रश्न साठवणीच्याही आधीचा आहे. बॅटरी काढून घरी ठेवावी.

आता आपण परदेशी असताना कोणीतरी इथे लक्ष दिले पाहिजे, आणि त्याला काय पाहायचे हे नेमके सांगून जावे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा, त्याने काउलिंगचे झाकण उघडून चारही डीहायड्रेटर प्लगांचा रंग पाहावा, मोबाइलवर फोटो काढून आपल्याला पाठवावा आणि तारीख वहीत लिहावी. एखाद्या प्लगचा रंग बदलला असेल तर तेवढा बदलावा. निम्म्याहून अधिक प्लग गुलाबी झाले असतील तर कुठले तरी तोंड उघडे राहिले आहे असे समजून सगळ्या पिशव्या बदलाव्यात आणि चिकटपट्ट्या पुन्हा तपासाव्यात. सिलिंडरमधला फवारा दर ९० दिवसांनी पुन्हा द्यावा, म्हणजे आपल्या बाबतीत ऑगस्टच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या शेवटी. ऑगस्टचा फवारा पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी द्यावा आणि प्लग काढून झाल्यावर चहाला जाऊ नये, कारण उघडे छिद्र तेवढ्या वेळातही ओल घेते.

वापरलेले सुटे सिलिका जेल फेकण्याची गरज नाही. ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की ते पुन्हा निळे होते. तेलाने माखलेले मात्र परत वापरू नये. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे, म्हणून घरातल्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा भांड्यात हे काम अजिबात करू नये. शक्य असेल तर नारिंगी जेलच घ्यावे.

काही जण माशांच्या काचेच्या टाकीचा छोटा पंप आणि बरणीभर सिलिका जेल वापरून तेलाच्या तोंडातून इंजिनात कोरडी हवा फिरवत ठेवतात. ही युक्ती चांगली आहे आणि जे विमान महिन्या-दोन महिन्यांतून एकदा उडते त्याच्यासाठी मी ती आवर्जून सुचवतो. पण तिला वीज लागते, आणि बरणीकडे रोज नाही तरी आठवड्याला पाहणारा माणूस लागतो. भारनियमनात बंद पडलेला पंप किंवा ओल पिऊन तुडुंब झालेले जेल तसेच राहिले तर आपण निश्चिंत असतो आणि इंजिन उघडे असते. आठ महिन्यांसाठी ती इनहिबिटिंगच्या जोडीला ठेवावी, त्याच्या जागी नव्हे.

फेब्रुवारीत परत आल्यावर घाई करू नये, कारण साठवणीइतकेच नुकसान चुकीने सुरू करण्यात होते. आधी लाल फिती मोजून काढाव्यात आणि कागदावरच्या संख्येशी जुळवाव्यात. ब्रीदरची पट्टी विसरून इंजिन चालू केले तर क्रँककेसमध्ये दाब साचतो, पुढचे ऑइल सील बाहेर ढकलले जाते आणि सगळे तेल काही वेळात बाहेर पडते. हे हवेत झाले तर इंजिन गेलेच. नंतर डीहायड्रेटर प्लग आणि खालचे स्पार्क प्लग दोन्ही काढावेत. सिलिंडरमध्ये साचलेले संरक्षक तेल खालच्या छिद्रांतून निथळू द्यावे आणि मगच प्रोपेलर हळूहळू काही फेरे फिरवावा. ही एक पायरी गाळून थेट स्टार्टर मारला तर पिस्टनच्या वाटेत तेल येते, तेल दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड त्या दिवशी काही बोलत नाही, काही तासांनी तुटतो.

प्लग निघालेलेच आहेत तर बोअरस्कोपने, म्हणजे छिद्रातून आत पाहायच्या नळीच्या कॅमेऱ्याने, चारही सिलिंडरच्या भिंती पाहून त्यांचे फोटो ठेवावेत. संरक्षक तेल काढून नेहमीचे तेल आणि नवे फिल्टर घालावे, स्पार्क प्लग नसतानाच स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवून गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबावे, म्हणजे पहिल्या स्फोटाआधी बेअरिंगांना तेल मिळते. इंधनाचे नमुने सगळ्या ठिकाणांहून काढून पाणी पाहावे. इंजिन चालू झाल्यावर सुरुवातीला पांढरा-निळा धूर दिसेल, तो सिलिंडरमधल्या उरलेल्या तेलाचा असतो आणि काही मिनिटांत थांबला पाहिजे. पहिले उड्डाण धावपट्टीच्या आवाक्यातच ठेवावे.

कागदपत्रांचेही पाहून ठेवावे. कोणत्या तारखेला, कोणत्या तेलाने इनहिबिट केले, फवारे केव्हा दिले, हे अभियंत्याच्या सहीने इंजिनाच्या लॉगबुकमध्ये असले पाहिजे, कारण उद्या विमान विकायचे झाले तर विकत घेणारा जाणकार पहिल्यांदा या आठ महिन्यांचे पान उघडेल. आणि इंजिन उभे राहिले म्हणून त्याचे वय थांबत नाही; ठरलेले तास पूर्ण झाले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करावे अशी लायकमिंगची शिफारस आहे, त्यात हे महिनेही धरले जातात.

पुन्हा उडू लागल्यावर पहिल्या दहा तासांनी तेल काढून फिल्टर कापून पाहावे आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून लोहाचे प्रमाण तपासून घ्यावे. फिल्टरच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात नेऊन पाहाव्यात, वरून चुंबक फिरवावा. आपल्या पहिल्या फिल्टरचा आणि सिलिंडरच्या भिंतींचा फोटो मला पाठवला तर मी ते पाहून काय वाटते ते कळवीन.